बाप्तिस्म्याचं पाणी

बोरखडक, ता. शेवगाव
२७ नोव्हेंबर १९७२

चि. सौ. सरोजिनी हीस,
दादाचे अ. आ. आणि प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. चिमी मान धरायला लागली हे ऐकून आई दिवसभर आळीत सांगत हिंडली. दहा वर्षांनी तुझी कूस उजवली, तेव्हा बाप्तिस्मा इथंच करायचा. नाताळच्या दिवशी, बाबांनी खणलेल्या विहिरीच्या पाण्यानं. पाळकसाहेबांना मी कळवूनही टाकलं आहे. शामकांतरावांना म्हणावं, विद्यापीठातली कारकुनी दोन दिवस बाजूला ठेवा.

यंदा एक नवीन टूम निघाली आहे. वेगवेगळ्या मिशनच्या मंडळ्या एक झाल्यापासून वरून पत्र आलंय की नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळ म्हणून पाळायचे आणि दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची. आपल्याला नाताळ म्हणजे पंचवीस तारीख, भजन आणि करंज्या एवढंच ठाऊक. पाळकसाहेब येणार महिन्यातून एकदा, बाकीचे रविवार या मास्तरच्या गळ्यात. तू शाळेत मोठ्या मुलींना शिकवतेस, तर आगमनाचा अर्थ काय सांगू ते चार ओळींत लिहून पाठव.

दुष्काळाचं काय लिहू? गावची विहीर दिवाळीतच कोरडी पडली. टँकर आठवड्यातून एकदा येतो, तोही आला तर. आपल्या चर्चच्या विहिरीला मात्र अजून दोन पुरुष पाणी आहे. परवा सरपंच गोरक्षनाथ स्वतः आला आणि गावाला पाणी द्या म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर फळ्या टाकून कुलूप लावलं. मंडळीचा पंच म्हणून किल्ली माझ्याकडे आहे, करदोट्यालाच बांधली आहे.

सौ. रतन आणि आई तुझी आठवण काढतात. चिमीला गोड पापा. माया आहेच, ती अशीच राहो.

तुझा दादा,
याकोब

राहुरी
१ डिसेंबर १९७२

ती. दादास सरोजिनीचा सा. सलाम. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. दादा, पाण्याला कुलूप? अरे, बाबांच्या विहिरीला? करदोट्याला किल्ली बांधून तू आगमनाचा अर्थ मला विचारतोस, हसावं की रडावं!

तू विचारलंस म्हणून सांगते. आगमन म्हणजे येणाऱ्याची वाट बघणं, आणि तो येईल तेव्हा दार उघडं असणं. मी दहा वर्षं वाट पाहिली आहे, मला त्यातलं थोडं कळतं. वाट बघणारा माणूस दाराला कडी लावत नाही. लावलीच, तर तो वाट बघत नाही, राखण करतो. हे रविवारी सांग, आणि सांगताना कंबरेला हात लावून बघ.

आता बाप्तिस्म्याचं. कुलपातल्या पाण्यानं माझ्या लेकीचा बाप्तिस्मा होणार नाही. विहीर उघडली नाहीस तर मी इथून मुळा नदीचं पाणी पितळी कळशीत भरून आणीन आणि शेवगावच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसेन. कंडक्टरनं विचारलं तर सांगेन की आमच्या दादाच्या गावात पाणी आहे, पण ते त्याच्या करदोट्याला आहे. थट्टा समजू नकोस, हे म्हणतात आपण खरंच असं करू.

आईला न चुकता औषध दे. मनात राग आला असेल तर पाणी पिऊन शांत हो, तुझ्याकडे पुष्कळ आहे.

तुझी,
सरू

बोरखडक
६ डिसेंबर १९७२

चि. सरोजिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी रतनला वाचून दाखवलं नाही. आईला तर नाहीच.

तू रांगत होतीस, म्हणून तुला आठवायचं नाही. मी दहा वर्षांचा होतो, मला आठवतं. गावच्या विहिरीला आपला हात लागायचा नाही. आई खाली दगडावर घागर घेऊन बसायची आणि वरून कुणी बाई ओतेल तेव्हा पाणी मिळायचं. कधी दुपार व्हायची. ओतणारी घाईत असली की निम्मं पाणी आईच्या डोक्यावर आणि निम्मं घागरीत. त्या बायकांत लंकाबाईची सासू सगळ्यात पुढं असायची. आई पदरानं तोंड पुसायची आणि पुन्हा घागर पुढं करायची. ते बघून बाबांनी पहार उचलली आणि चार माणसं घेऊन दोन वर्षं खडक फोडला. तेव्हा गाव हसलं होतं. आता त्याच घरच्या लंकाबाईनं हंडा घेऊन यावं आणि मी या म्हणावं? मी काही एवढा मोठा संत नाही, सरू.

पहिल्या रविवारी एक मेणबत्ती लावली. वाट बघण्यावर बोललो, लोकांनी माना डोलावल्या. आई मात्र माझ्याकडे टक लावून बघत बसली होती. सोमवारी चर्चच्या कौलांवर दगड आले, सहा कौलं फुटली. मंगळवारी कुलपावर कुणीतरी घाव घातले. आता आपली पोरं काठ्या घेऊन पाळीनं बसतात. गावातली पोरं समोर येऊन उभी राहतात. एकाचा जरी हात सुटला तरी डोकी फुटतील, हे मला दिसतंय. पण आता मागं सरलो तर भ्यालो म्हणतील.

कळशी घेऊन यायचं असेल तर येऊच नकोस. माझ्या दारात माझी शोभा करायला बहीण कशाला हवी?

याकोब

राहुरी
९ डिसेंबर १९७२

ती. दादास सा. सलाम.

बरं, येत नाही. चिमीचा बाप्तिस्मा इथंच उरकू. आजीच्या मांडीशिवाय.

आईनं मला हे कधीच सांगितलं नव्हतं. वाचून रडले. पण रडून झाल्यावरही माझं मत तेच आहे. बाबांनी खडक फोडला तो पुन्हा कुणाला दगडावर बसावं लागू नये म्हणून, असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते तू ठरव. काठ्या मात्र आधी घरी पाठव, माझी शपथ आहे. आणि एकदा आईला विचार. तिची घागर होती, आपण दोघं उगाच भांडतोय.

तुझी नसलेली बरी,
सरू

बोरखडक
१३ डिसेंबर १९७२

चि. सरूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावू नकोस, बाई. तुझी शपथ मला लागली. रविवारी दुसरी मेणबत्ती लावून झाल्यावर पंचांची बैठक घेतली, तीन तास खल झाला, आणि सोमवारपासून विहीर गावाला उघडली! काठ्या घरी गेल्या. गोरक्षनाथानं सगळ्यांसमोर हात जोडले.

शिस्त मात्र मी लावून दिली आहे, नाहीतर दोन दिवसांत गाळ लागेल. रोज सकाळी दोन तास मी कुलूप काढतो. ओट्यावर आपल्या बायकांनीच चढायचं, रहाट आपल्याच हातात. गावच्या बायकांनी खाली पायरीच्या दगडावर ओळीनं बसायचं, आणि आपल्या बायकांनी वरून त्यांच्या हंड्यात ओतायचं. माणशी दोन हंडे. लंकाबाई पहिल्याच दिवशी आली आणि गुमान बसली. खरं सांगू? बघून जीव थंड झाला.

आईला अजून विचारलं नाही, पण ती खूश असणार. आता तरी ये. करंज्यांसाठी तुझ्या वहिनीनं रवा मिळवून ठेवला आहे. झालं गेलं विसर, पत्राची वाट बघतो.

दादा

राहुरी
१६ डिसेंबर १९७२

ती. दादास सरूचा शि. सा. सलाम. वि. वि.

दादा, तू माझी लाज राखलीस! पत्र वाचून मी यांच्यासमोर नाचायचीच बाकी राहिले. शिस्तही छान लावलीस, शेवटी मास्तर तो मास्तर. आम्ही शनिवारी, २३ तारखेला दुपारच्या बसनं येतो. कळशी बिळशी काही आणत नाही, फक्त चिमीचं पांढरं झबलं आणि आईला लोकरीचा स्कार्फ. सगळ्यांना सलाम, आणि तुझ्या दाढीला चिमीचा एक हिसका.

सरू

बोरखडक
१९ डिसेंबर १९७२

चि. सरूस आशीर्वाद.

तू नाचलीस, मी छाती फुगवली. आपण दोघं शिकलेली गाढवं आहोत. काय झालं ते ऐक.

काल सकाळी कुलूप काढलं. रतन रहाटावर होती. गावच्या वीसेक बायका खाली बसल्या होत्या. तेवढ्यात आई घरातून आली. डोक्यावर पदर, कंबरेवर तीच पोचे पडलेली घागर. ओट्यावर न येता ती थेट खाली गेली आणि ओळीत लंकाबाईच्या शेजारी दगडावर बसली. घागर पुढं केली आणि मान खाली घातली.

मला वाटलं, तिला भोवळ आली. धावत गेलो, तिला म्हटलं की वर चल, विहीर आपली आहे. ती म्हणाली की पानी मागनाऱ्यांची जागा तूच ठरवलीस, आन् मला या जागेची लई सवय हाय. वर बघून रतनला म्हणाली की वत बाई, थांबलीस का. रतननं बादली ओट्यावर टेकवली. सासूच्या घागरीत तिनं वरून कसं ओतावं? ती तिथंच रडायला लागली. सरू, मी दहा वर्षांचा होतो तेव्हा हेच बघितलं होतं, आणि काल तेच मी माझ्या हातानं मांडलेलं बघितलं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

किल्ली करदोट्यातून सुटेना, तर करदोटाच तोडला. कुलूप आणि किल्ली दोन्ही तिथंच उभ्या असलेल्या गोरक्षनाथाच्या हातात दिली आणि ग्रामपंचायतीच्या दाराला लाव म्हटलं. मग आईला धरून उठवलं. तिनं लंकाबाईचा हात सोडला नाही, तिलाही ओट्यावर ओढून घेतलं. लंकाबाईनं रहाटाचा दोर धरला आणि पहिली बादली आईच्या घागरीत ओतली, शेजारी उभी राहून. ओतताना ती म्हणाली की माझ्या सासूचं मी काही फेडू शकत नाही. आई म्हणाली की फेडू नगं, नीट वत, सांडतंय.

पाटलांच्या घरचं कुणी अजून आलेलं नाही. येतील, न येतील. आपल्यातलेही दोन पंच माझ्याशी बोलत नाहीत. पाणी मार्चपर्यंत पुरणार नाही, हेही मला दिसतंय. येत्या रविवारी चौथी मेणबत्ती लावायची आहे, पण आगमनावर बोलायला मी उभा राहणार नाही. आईला बोल म्हटलं, तर म्हणते की माझं सांगून झालं.

शनिवारी बसथांब्यावर येतो. आणि हे बघ, ती पितळी कळशी आण, पण रिकामी. इथं दोर ओढायला हात पुष्कळ झालेत, भांडी कमी पडतात.

तुझा,
याकोबदादा