दातांत धरलेली गोळी

बेंगळूर, मंगळवार, १२ सप्टेंबर १९६१

वसंताचं पत्र आलं, कलकत्त्याहून. इंग्रजीत. पोरगा घरात आपली मराठी बोलतो, पण लिहायला मीच शिकवलं नाही. शाळेत कन्नड झालं, पुढं इंग्रजी, मला वाटलं पुरे.

शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. म्हणे गेला महिना त्यानं गोळी चावून काढला. मास्तर एकदम खुशीत. "अण्णा, याची गंमत ऐका. पूर्वी लढाईत गुंगीचं औषध नसे. शिपायाचा पाय कापायचा तर दातांत बंदुकीची गोळी देत, ओरडू नये म्हणून."

"म्हणजे वसंताला काय झालंय?"

"तसं नाही हो, साहेबांची बोलायची रीत. मुकाट्यानं सोसलं, एवढंच."

"पण काय सोसलं?"

"ते लिहिलेलं नाही," म्हणाले, आणि साहेबांच्या दुसऱ्याच कुठल्या बोलण्याचं मूळ सांगायला लागले. स्वल्प बसा म्हणत होते. मी पत्र उचललं, निघालो.

घरी तरी कुणाला विचारू? ही असती तर पोराचं अक्षर बघूनच ओळखलं असतं हिनं. लहानपणी विंचू चावला तेव्हा ओरडून सगळी गल्ली गोळा केली होती यानं. आणि आता दातांत गोळी. बाप इथून काय करणार, असंच वाटलं असेल त्याला.

कन्नड अक्षरं त्याला येतात. मलाही येतात, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. उद्या कार्डावर आपली मराठीच त्या अक्षरांत लिहितो. एकच ओळ. बाळा, कुठं दुखतंय?