बाबांचे सात पूर्वज

सेमेय, सोमवार

आई, मी ठीक आहे, पोटभर जेवतेय. पण हे पत्र एकटीच वाच.

इथल्या सरकारी दप्तरात जुन्या नोंदी सापडल्या. सांझारचे आणि माझे, बाबांकडचे, पणजोबा सख्खे भाऊ निघाले. सात पिढ्यांच्या आतलं नातं आपल्यात चालत नाही, म्हणजे आमचं लग्न मोडलंच! मी तिथेच रडायला लागले.

कारकूनबाई म्हणाल्या, "अगं वेडे, आजोबांची जन्मनोंद तरी बघ!"

तिथे लिहिलंय: दुष्काळात सापडलेलं मूल, आईबाप माहीत नाहीत, दत्तक.

म्हणजे रक्ताचं नातं नाही. लग्न होऊ शकतं.

पण बाबा पाहुण्यांसमोर सात पूर्वजांची नावं छाती फुगवून म्हणतात ना, ती मग कुणाची?

त्यांचा गुडघा कसा आहे? त्यांना हे तू सांगशील, की गुपितच ठेवून मी सांझारला नकार कळवू?

तुझीच,
तोग्झान