तांबडी या घोडीला औषधाच्या तपासणीतून वगळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षकसाहेब,
वसुंधरा सिरम-संशोधनशाळा, ठाणे.

विषय : तांबडी या घोडीवर नवे औषध तपासू नये, तपासणे भागच असल्यास अर्जदारास हजर राहू द्यावे.
संदर्भ : खुलासा मागणारे आपले पत्र, दि. ७ नोव्हेंबर १९५५.

महोदय,

१. अर्जदार काळुराम धर्मा भोईर, राहणार माजिवडा, आपल्या तबेल्यात नऊ वर्षे मोतद्दार आहे. १९५३ च्या पौषात त्याची मुलगी गोदा हिला घटसर्प झाला. घसा बंद होऊन पोर निळी पडली. दवाखान्यात सिरम टोचले आणि तिसऱ्या दिवशी तिने पेज मागितली. सिरम घोड्यांच्या रक्तातून निघते हे अर्जदारास ठाऊक होते. रक्त काढायच्या दिवशी तांबडीला तोच बाहेर आणीत असे. पण घोडी आणि मुलगी यांचा एकत्र विचार त्याने तोवर केला नव्हता.

२. गेल्या महिन्यात हुकूम निघाला की तांबडी रक्ताला निकामी झाली, आता तिच्यावर माणसांचे नवे औषध तपासून पाहावे. त्याच आठवड्यात कल्याणची प्राणिदयेची मंडळी माजिवड्यास आली. अर्जदार आधीच बेचैन होता. संशोधनशाळा बंद करावी, अशा त्यांच्या निवेदनावर त्याने सही केली. घरी सांगताच बायको रखमाबाई म्हणाली, "बंद झाली तर उद्या दुसऱ्या कुणाच्या पोरीला काय टोचतील?" अर्जदार ताटावरून उठला.

३. या सहीच्या चौकशीत हेडक्लार्कसाहेबांनी विचारले, "जनावरांना त्रास होतो, हे खरं?"
अर्जदार म्हणाला, "खरं."
"मग काम बंद करायचं?"
"नाही साहेब."
साहेबांनी 'जबाब विसंगत' असा शेरा मारला. तो अर्जदारास मान्य नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तेव्हापासून त्याला एका जागी बसवत नाही. झाडलेला तबेला तो पुन्हा झाडतो.

४. सहीबद्दल होईल ती शिक्षा अर्जदार भोगील. मात्र सात वर्षे रक्त दिलेल्या तांबडीला त्याच्या स्वाधीन करावे. माजिवड्यास गवत पुष्कळ आहे. औषध कोणावर तरी तपासलेच पाहिजे असेल, तर अर्जदाराच्या दंडात टोचावे. हे त्याने डॉक्टरसाहेबांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "अरे काळुराम, तुला काही झालं तर तुझ्या घरी काय सांगू?" तांबडीसाठी असे कोणी विचारणार नाही, म्हणून हा अर्ज.

५. हेही नामंजूर असल्यास दिवस आणि वेळ आगाऊ कळवावी. परक्याने लगाम धरला की ती बिथरते. मग पाय बांधून पाडावे लागेल. अर्जदार जवळ असला की ती आपणहून उभी राहते.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून असलेला,
काळुराम धर्मा भोईर
माजिवडा, दि. १० नोव्हेंबर १९५५

सोबत : गोदाच्या दवाखान्याचा कागद.

अधीक्षकांचा शेरा : घोडी देता येत नाही. तपासणी सोमवार दि. १४, सकाळी नऊ. लगाम धरण्यास काळुराम यास हजर ठेवावे.