एका मोबाईलची दोन घरं

तीर्थरूप मामा,

तुमच्या पायांना इथूनच हात लावते. (साष्टांग घालणार होते, पण खोली अशी आहे की डोकं भिंतीला टेकलं की पाय शेजारणीच्या स्वयंपाकघरात जातात, आणि ती आधीच माझ्यावर नाराज आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? मांजरीने शेवटी पिल्लं कुणाच्या कपाटात घातली?

एवढं शिकून तू नेमकं करतेस काय, असं तुम्ही विचारलं होतं. मामा, मी लोकांच्या घरात शिरते, फक्त चपला काढाव्या लागत नाहीत. आमचं ऑफिस मोबाईलवरून घरोघरची पाहणी करतं. कॉम्प्युटर कुठलातरी नंबर लावतो आणि मी अनोळखी माणसाला विचारते की घरी माणसं किती, पाणी कुठून आणता, गेल्या आठवड्यात कोण आजारी होतं. निम्मे लोक मला चोर समजून फोन आपटतात. उरलेले मला सरकार समजतात, ते जास्त त्रासाचं. (एक गृहस्थ नळ दुरुस्त होईपर्यंत फोन ठेवायला तयार नव्हते.) आणि अर्धवट सुटलेले फॉर्म फार झाले की आमच्या वरिष्ठ बाई माणसाला कायमचं घरी पाठवतात, त्यामुळे एकदा हाती लागलेलं घर पुरं केल्याशिवाय सोडायचं नाही.

अशात मला एक शिंपी लागला. गोड माणूस. घरात तिघं म्हणाला: तो, बायको आणि त्याची आई. मग प्रश्न आला, कुटुंबप्रमुख कोण? तो म्हणाला, "मीच की." मागे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं. त्याच्या बायकोचा आवाज आला, अगदी शांत, की प्रमुखांना विचारा, घरात मीठ कुठे ठेवतात. मामा, मी विचारायला नको होतं. पण सवयीने विचारलं. शिंप्याने दोन डबे उघडल्याचा आवाज आला, मग तिसरा, आणि मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवर बायको आली. म्हणाली, ते दुकानात राहायला गेलेत, स्टोव्ह घेऊन गेलेत, तिथेच शिजवून खातात. आता आमच्याकडे नियम असा की एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. चूल वेगळी तर फॉर्म वेगळा. आमच्या बाईंना विचारलं, तर त्या आनंदाने म्हणाल्या, दोन भर! पण दोन घरांत मोबाईल एकच. तो शिंप्याची आई पदराखाली धरून घरातून दुकानात आणि दुकानातून घरात नेत होती. या कामामुळे म्हातारीच्या आवाजाला वेगळाच रुबाब चढला होता. शिवाय ती दोन्हीकडे जेवत होती, त्यामुळे माझ्या हिशेबात देशाची लोकसंख्या एकाने वाढली आणि कॉम्प्युटर अडून बसला. मी विचारलं, आजी, जास्त वेळा कुठे जेवता? म्हणाली, "भाजी बरी असेल तिथे. म्हणजे सुनेकडेच गं. ह्याचं करपतं."

म्हणून आजी मोबाईल घेऊन दुकानात गेल्यावर शिंप्याला फोन केला आणि नियमाप्रमाणे कळवलं की आजींना मी तुमच्या बायकोच्या घरात धरते आहे.

"मग माझ्या घरात कोण?"

"तुम्ही."

"आणि?"

"आणि कुणी नाही. एकटे."

मला पुढचा प्रश्न विचारवेना (पुढचा प्रश्न छप्पर पत्र्याचं की कौलांचं असा होता). मग तोच म्हणाला, "थांबा जरा. लिहू नका एवढ्यात." फोन तसाच हातात धरून तो चालायला लागला. त्याच्या चपला ऐकू येत होत्या, आधी सावकाश, मग भराभर. दार वाजलं. आणि हा एवढा मोठा माणूस बायकोला रडवेल्या आवाजात म्हणाला, "अगं, ती बाई मला एकटा लिहितेय."

"कोण बाई? आणा तो फोन इकडे!"

मामा, मला आयुष्यात कुणी एवढं झापलं नव्हतं. आमच्या घरात माणसं किती ते तुम्ही ठरवणार का, नवरा दोन दिवस दुकानात झोपला म्हणून काय तो घरातून कमी होतो का, तुमच्या घरी कुणी रुसत नाही का! शेवटी म्हणाली, "तीन लिहा. माझ्यादेखत लिहा." मी लिहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग घाबरतच विचारलं, आणि प्रमुख? ती म्हणाली, ह्यांचंच नाव घाला, बरं वाटेल त्यांना. मागून तो म्हणाला, नको नको, तिचंच घाला. ती म्हणाली, एकदा सांगितलं ना! तो म्हणाला, बघा, पुन्हा हिचंच खरं! एवढ्यात मोबाईलचं चार्जिंग संपलं. मी म्हातारीला प्रमुख केलं. कॉम्प्युटरने एका झटक्यात मान्य केलं.

तुमची लाडकी भाची

ता. क. बाईंनी हे सगळं रेकॉर्डिंग ऐकलं. पाहणी करणारीने लोकांच्या संसारात पडायचं नसतं म्हणे. त्यामुळे मी रविवारच्या गाडीने तुमच्याकडे येते आहे. दुसरं काम मिळेपर्यंत मागची खोली मिळाली तर बरं. आईला एवढ्यात काही सांगू नका.

आणखी एक ता. क. मामी, पाकीट तुम्हीच आधी फोडता हे मला ठाऊक आहे. मामा "विचार करून कळवतो" म्हणतील. त्यांना खुशाल विचार करू द्या, तोवर तुम्ही खोलीतला पसारा हलवून ठेवा.