ठोके यांनाच ऐकू येतात

१८ नोव्हेंबर १९५६, रविवार. चिखली

आलो बाई एकदाचे! बार्शीहून निघताना यांनी दम भरला होता की इंदूने कशाला हात लावायचा नाही, सगळं मी बघतो. बघितलं! चिंचवडला आम्ही उतरलो आणि वळकटी राहिली गाडीत. गाडी तिला घेऊन लोणावळ्याकडे पसार. यांचं तोंड बघून मी हसत हसत फलाटावर बसकणच मारली.

पुढे युसुफभाई म्हणून एक भला माणूस भेटला. कांदा उतरवून त्यांची लॉरी रिकामी चाकणला परत चालली होती. माझं पोट बघून त्यांनी मला पुढे बसवलं आणि प्रत्येक खड्ड्याच्या आधी बजावत राहिले, बाईजी सांभाळा. साडीला कांद्याचा वास लागलाय तो अजून जात नाही.

घर छान आहे. परसात दोन खोल्या, समोर शेवग्याचं झाड. पुढच्या घरात मालकीण अंबूबाई राहतात, त्यांच्या म्हशीसकट. यांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटरची जागा मिळाली. पहिली पाळी, सायकलवर जायचं, दुपारी घरी.

मला पाचवा सरत आलाय. ही तिसरी खेप. पहिल्या दोन्ही वेळा रीतीप्रमाणे माहेरी गेले आणि दोन्ही वेळा आठव्यात पोट गप्प झालं. मी स्वतः शिकलेली सुईण, मिरजेत किती बायका सोडवल्या, आणि माझीच दोन अशी गेली. म्हणून या खेपेला माहेरी जायचंच नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. आई रुसली तर रुसू दे. हे मूल मला जिवंत हवं आहे, दुसरं काही नको.

२५ नोव्हेंबर

बाळाचे ठोके ऐकायची माझी लाकडी नळी ट्रंकेतून निघाली. वीतभर लांबी, एक टोक पसरट, ते पोटाला, दुसरं कानाला. गंमत अशी की तिने जगाचं पोट ऐकता येतं, आपलं नाही. कितीही वाकलं तरी कान पोचत नाही. मी प्रयत्न केला, मान लचकली.

तेव्हा यांनाच बसवलं समोर. आधी लाजले. पुरुषमाणसानं हे काय करायचं म्हणे! मी म्हटलं, एवढी यंत्रं ऐकून दोष काढता, हे ऐका. नळी टेकवून दिली, ती नुसत्या कानानं दाबून धरायची म्हणून हात काढायला लावला, आणि माझी नाडी यांच्या बोटात दिली, म्हणजे आईचा ठोका कुठला आणि बाळाचा कुठला ते कळतं. आईचा सावकाश, बाळाचा पळत. बराच वेळ काही नाही. मग यांचे डोळे एकदम मोठे झाले आणि पाणीच आलं. म्हणाले, इंदू, कुणीतरी पळत येतंय.

९ डिसेंबर

रुळले मी इथे. अंबूबाई रोज तांब्याभर दूध देतात आणि तासभर गप्पा. पाळीवरून आले की हात-पाय धुऊन हे आधी नळी घेतात, मग जेवण. अंबूबाईंनी दारातून बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. म्हणाल्या, उद्धवराव, आमच्यात बाप्या मानूस बारशापत्तूर फिरकत न्हाई, तुमी तर आतापासनंच कान लावून बसलाय व्हय! हे लाजून मोरीत गेले.

बाळ भारी द्वाड आहे. लाथा अशा मारतं की हातातली वाटी हलते.

२३ डिसेंबर

आज हसून मुरकुंडी वळली. डोहाळे मला लागायचे ते यांनाच लागलेत! आठवडाभर चिंच खातायत. काल अंगण सारवलं तर ओल्या मातीचा वास घेत उकिडवे बसून राहिले. सकाळी सायकल काढताना कोरड्या उलट्या. अंबूबाई म्हणाल्या, बायकोवर लई जीव आसला की आसं व्हतं कुनाकुनाला. मला तर बरंच आहे. पायाची सूज गेली, जळजळ गेली, कसं हलकं हलकं वाटतं.

६ जानेवारी १९५७

आता सकाळीही ऐकायचं असतं यांना. आणि किती वेळ! माझी कंबर आखडते. आज पुरे म्हटलं तर असे खेकसले, लग्नाला सात वर्षं झाली, कधी असा आवाज ऐकला नव्हता. मग स्वतःच ओशाळले.

नळी डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेतात. तिकडे काय ऐकता म्हणून विचारलं तर पिशवी सायकलला अडकवून निघून गेले. जेवताना मध्येच कानावर तळवा धरतात आणि हसतात. कुणाशी तरी गुपित असावं तसं.

बाळ आताशा कमी हलतं. जागा कमी पडत असेल. सातव्यात असं होतं, मीच किती जणींना सांगितलंय.

१४ जानेवारी, संक्रांत

काळं लुगडं नेसले. अंबूबाईंनी ओटी भरली. बायका आल्या, तिळगूळ झाला. मी हसत होते सगळ्यांशी, पण जीव सगळा पोटाकडे. कालपासून एकही लाथ नाही.

बायका गेल्यावर अंबूबाईंना धरून बसवलं आणि हे आज घरीच विसरून गेलेली नळी लावायला लावली. त्यांनी ऐकलं, जागा बदलून ऐकलं, शेवटी नळी ठेवून नुसता कान लावला. मग म्हणाल्या, मला म्हातारीला कुटं ऐकू येतंय बाई. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

हे आले. नळीही न लावता म्हणाले, उत्तम चाललंय. मी ओरडले, लावा आधी! लावली. म्हणाले, घोड्यासारखं पळतंय. शपथ घ्या म्हटलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

१६ जानेवारी

युसुफभाईंच्या लॉरीतून पुण्याला दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा मला ठाऊक आहे, मी स्वतः तो केलाय दुसऱ्या बायकांसमोर. बाळाचे ठोके नाहीत. वाट बघा, कळा आपोआप येतील, असं म्हणाल्या.

तिसरंही गेलं.

परतताना हे लॉरीत झोपले होते. झोपेत हसत होते. मला वाटलं, ढकलून द्यावं खाली.

१९ जानेवारी

नीट लिहायला हवं.

दुपारी हे सदरा काढून चटईवर आडवे झाले होते, गाढ झोप. मी भाकरी थापत होते. सहज बघितलं तर यांच्या बरगड्यांच्या खाली कातडी हलली. आतून काहीतरी या बाजूचं त्या बाजूला गेलं. पिशवीतून नळी काढली, तिथे टेकवली, यांचं मनगट धरलं.

मनगटात यांची नाडी, सावकाश. कानात दुसरीच. पळणारी. बारीक, भरभर, न थांबणारी.

दोन महिने ज्याच्यासाठी मी तडफडले तो आवाज. माझं बाळ. मी पहिल्यांदाच ऐकलं त्याला. मी रडले, आणि खरं सांगते, आनंदानं रडले. भीती मागाहून आली.

२० जानेवारी

विचारलं. नाकारलं नाही त्यांनी. रोज थोडं थोडं कानातून आत आलं म्हणाले. आधी नुसता आवाज, मग ऊब, मग वजन. मी पदर पसरला, माझं मला परत द्या म्हटलं. यांनी तो पदर उचलून माझ्या खांद्यावर टाकला. मग हळूच बोलले. तुझ्याकडे दोन गेली, इंदू. माझ्याकडे राहील.

सात वर्षांत कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज दाखवलं.

२९ जानेवारी

माझं पोट उतरलं. कळा नाहीत, रक्त नाही, काहीच नाही. लुगडं पूर्वीसारखं बसतं. अंबूबाई म्हणतात, वारं व्हतं आसंल पोटात.

एकटी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि झोपेच्या पुड्या दिल्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिल्या असत्या.

८ फेब्रुवारी

कारखान्यातली नोकरी सुटली. हे बाहेर पडत नाहीत. अंगावर घोंगडी, कमरेवर हात ठेवून चालतात. खातात, नुसते खातात, आणि वाळत चाललेत. सगळं त्याला जातं.

आज अंबूबाईंनी बघितलं. घोंगडी सरकली होती. त्या उंबऱ्यावरच बसल्या. तुमच्या गावात काही उपाय असेल तर सांगा म्हणून मी पाय धरले. म्हणाल्या, आसलं कदी कुनी ऐकलंच न्हाई गं पोरी, मी काय सांगू.

तरी उठून आमच्या दोघांसाठी दूध घेऊन आल्या.

१९ फेब्रुवारी

आता हेच परत देऊ बघतात. पोटाला पोट लावून पडतात. माझ्या कानाशी तोंड आणतात, तोंडाशी कान. नळी उलटी धरून मला ऐकायला लावतात. मी ऐकते. जीव एकवटून ऐकते. ठोके छान आहेत. तिथेच आहेत.

माझ्याकडे नाही येत ते. माझ्याकडे यायचंच नाही त्याला.

२६ फेब्रुवारी

बरगडी मोडली. आतून. यांनी उशी चावून धरली.

मला विचारतात, इंदू, तू सुईण आहेस, सांग, हे बाहेर कुठून येणार? लहान मुलासारखे विचारतात. मी पाठ चोळते. काय सांगू? बाईला वाट असते. यांना—

राग कुठे गेला माझा कुणास ठाऊक. हे माझे, तेही माझंच.

३ मार्च

नळी लागत नाही आता. खोलीत ऐकू येतं. भांडी घासताना, चूल फुंकताना. म्हैस दावं तोडून पळाली.

बाळ चांगलं वाढलंय. डोकं कुठे, पाठ कुठे, माझ्या हाताला सगळं लागतं. डोकं वर आहे. काळजाला टेकलंय.

६ मार्च, सकाळ

कळा सुरू झाल्या. यांना.

दवाखान्यात चला म्हटलं. नाही म्हणतात. तिथले लोक बाळाला मेलेलं समजून टाकून देतील म्हणतात. मला खोटं नाही बोलता आलं की तसं करणार नाहीत.

अंबूबाई युसुफभाईंना आणायला चाकणला गेल्यात. चालत.

दुपार

अजून कुणी नाही. हात रिकामे ठेवले तर मी वेडी होईन म्हणून हे लिहिते आहे—

मघाशी यांनी माझा हात घेऊन बरगडीखाली ठेवला. टाच. एवढीशी टाच. लाथ मारली तिने, माझ्या तळव्यावर, जोरात. हे हसले. बघ, कसं आहे, म्हणाले. त्यानंतर काही बोलले नाहीत.

मी बघत बसले होते. कळा थांबल्या म्हणून मला हायसं वाटलं. मग लक्षात आलं की आवाज बदललाय. आतापर्यंत दोन होते. आता एकच आहे. पळणारा.

यांचा नाही तो. यांचे डोळे उघडे आहेत आणि—

अहो, उठा ना. उठा हो.

ते जिवंत आहे. आत. आई गेली की पोटातल्या बाळाला किती वेळ मिळतो ते मला शिकवलंय. फार नाही मिळत. पाणी उकळलंय. नाळ कापायचं माझं पातं त्यातच टाकलंय, कधी टाकलं आठवत नाही. रस्त्यावर कुणी नाही. दोनदा बघून आले.

ठोके मंद होतायत.

चुडा तरी आधी— नको. वेळ नाही. मी शिकलेली आहे. कुठून सुरुवात करायची ते मला येतं, फक्त यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, कापड टाकलंय तोंडावर, आता फक्त डावा हात इथे ठेवायचा आणि