पुण्याला काय ठेवलंय

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा तेच! डॉक्टर समोर बसलेले, मी रिपोर्ट घेऊन उभी, आणि बाबा म्हणतात, "पुण्याला काय ठिवलंय?" जसं काही मी त्यांना सहलीला न्यायचं म्हणतेय.

डॉक्टरांनी आज परत समजावलं. दोन्ही किडन्या कामातून गेल्या. मंगळवार-शुक्रवार डायलिसिस चालू आहे, पण हृदय थकत चाललंय, असं फार दिवस चालणार नाही. किडनी बदलली तर बाबा चांगले जगतील. देणारी मी. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. आई असती तर तिनं दिली असती. ती नाही, आणि मला भाऊ-बहीण कुणी नाही. ऑपरेशन पुण्याला. त्यानंतर तिथंच राहिलेलं बरं, म्हणतात डॉक्टर. मला तिकडच्या क्लासमध्ये नोकरी सहज मिळेल. लातूरची बायॉलॉजीची बाई म्हटल्यावर कोण नाही म्हणेल!

अडलंय कुठं? तर आमच्या बाबांना, निवृत्तीरावांना, लातूर सोडवत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी गल्लीतला रिक्षावाला व्यंकटी रिक्षा घेऊन दारात. न बोलावता. बाबांना जवळजवळ उचलूनच आत बसवतो तो. बाबा माझ्याकडे असे बघतात, जसं काही कोर्टात साक्षीदार हजर केला. "पुण्यात येतो का कुणी असा?"

दवाखान्यात महादेवप्पा काका आधीच येऊन बसलेले. शेजारचे आमचे. गंजगोलाईत भांड्याचं दुकान आहे, ते सोडून दर खेपेला येतात. चार तास दोघं गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. नर्स म्हणाली, आजोबा, पाणी कमी प्या, वजन वाढलंय. बाबा म्हणाले, "लातूरकराला पाणी कमी प्यायला शिकवायलीस का तू?" सगळा वॉर्ड हसला. मी पण हसले. मग जिन्यात जाऊन रडून आले.

९ नोव्हेंबर, रविवार

बरं. मी विज्ञानाची बाई. चिडून उपयोग नाही. नीट विचार करते.

लातूर चांगलं आहे, हे मी कुठं नाकारते? दवाखाना रिक्षानं दहा मिनिटांवर. मला उशीर झाला तर शेजारच्या गंगम्मा काकू बाबांना भाकरी वाढतात. औषधवाला चिठ्ठी न बघता गोळ्या काढून देतो. क्लासमुळे माझं पोट चालतं. अख्ख्या मराठवाड्यातली पोरं इथं डॉक्टर व्हायला येतात. आणि डॉक्टर झाली की जातात कुठं? पुण्याला!

इथं म्हणजे सगळं आहे, पण अर्ध्यापर्यंत. आजार कळेपर्यंतचे डॉक्टर आहेत, बरं व्हायचं तर गाडीत बसा. नळ आहे, पाणी आठवड्यानं. आणि माणसं! माणसं चांगली आहेत. पण हेच घर भाड्यानं घेताना आडनाव ऐकून "कळवतो" म्हणणारे किती जण भेटले होते, ते बाबा विसरले, मी नाही विसरले. महादेवप्पा काका मध्ये पडले म्हणून मिळालं.

बाबांना हे सगळं बोलून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "पुण्यात शेजाऱ्याचं नाव पाटीवर वाचावं लागतं. तिथं मेलो तर लिफ्टमधून उभा न्यावा लागंल मला. आन खडकीकडची थंडी तर लई बेकार."

खडकीची थंडी यांना काय माहीत! कुणीतरी सांगितलं असेल दवाखान्यात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज क्लासवर उत्सर्जन संस्था शिकवली. फळ्यावर किडनी काढली. दरवर्षी काढते. आज दुसरी काढायची राहूनच गेली. पोरांना वाटलं बाईंना बरं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गंगम्मा काकूंनी अंगणात गाठलं. "खरं हाय का गं बुद्धप्रिया, किडनी द्यायलीस?" मी कुणाला सांगितलं नव्हतं! बाबांनीही नाही. पण तपासणीला कुणी बघितलं असेल, त्यानं मेव्हण्याला सांगितलं असेल. झालं. लातूर!

काकूंनी डोळे पुसले, शेंगांची चटणी दिली बांधून, आणि वर म्हणाल्या, "उदगीरच्या पाहुण्यांना कळू देऊ नको हां." उदगीरचं एक स्थळ सांगून आलंय. मुलगा बँकेत. फोटो गेला होता, बघायला यायचे होते. बाबा त्यांच्यासाठी घराला रंग द्यायचं म्हणत होते, श्वास पुरत नाही तरी!

१६ नोव्हेंबर, रविवार

कळलं पाहुण्यांना. उदगीर काय लांब आहे? "मुलाचं दुसरीकडं ठरत आलंय" असा फोन आला. फोन बाबांनीच घेतला. "बरं, बरं" म्हणत राहिले. ठेवल्यावर कितीतरी वेळ फोनकडेच बघत होते.

मी म्हटलं, बघा तुमचं लातूर! पुण्यात कुणाला कळलं असतं का? मला त्या बँकवाल्याचं काही नाही हो. जो किडनी मोजून बायको करतो तो गेलेलाच बरा.

बाबा म्हणाले, "जेवून घे."

खोटं कशाला लिहू? वाईट वाटलं. बत्तीस वर्षांची आहे मी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डायलिसिस. बाबांना मध्येच थंडी भरून आली. काकांनी आपली शाल काढून पांघरली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रस्ता सापडला!! क्लासमधले सत्यम सर देगलूरचे. त्यांच्या चुलत्याची किडनी नांदेडला बदलली. नांदेडला! आपल्या नांदेडला! एका दवाखान्यात आता होतं म्हणे हे ऑपरेशन. पुण्याचं नावच काढायला नको. मी किती मूर्ख, आधी चौकशी करायला काय झालं होतं मला?

२३ नोव्हेंबर, रविवार

पहाटेच्या एसटीनं नांदेडला जाऊन आले. बाबांना सांगितलं, आत्याला भेटायला जातेय. सरजाबाई आत्या, बाबांची थोरली बहीण. दार उघडल्या उघडल्या ओरडली, "वाळलीस गं पार!" डॉक्टरांना भेटले. त्यांनी सगळे रिपोर्ट बघितले, म्हणाले होऊ शकतं, जानेवारीत धरू. आत्या म्हणाली, माझ्या घरी ऱ्हावा दोघं, मी करून घालीन, नदी हाय, पाणी हाय, घाबरायचं काय कारण?

संध्याकाळी परतताना गाडीत खिडकीशी बसून मी बाबांची एकेक तक्रार आठवत होते. शेजारी? आत्याची गल्ली सगळी ओळखीची. भाकरी? आत्याच्या हातची. लिफ्ट? आत्याच्या घराला दोनच पायऱ्या आहेत! लातूरची माणसं सकाळी निघून भेटून संध्याकाळी घरी परत. महादेवप्पा काका तर नक्की येतील. किती महिन्यांनी मला गाडीत झोप लागली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. वाटलं होतं हसतील.

बाबांचा चेहरा पडला. अगदी पडला. हातातली डायलिसिसची फुगलेली शीर अंगठ्यानं चोळत राहिले. मग म्हणाले, "नांदेड बी नको."

का? का पण? नांदेडला काय झालं आता? "उन्हाळा लई असतो तिथं." जानेवारीत कसला उन्हाळा! "सरजाचं वय झालंय, तिला कशाला ताप." तिनंच बोलावलंय! "बघू." काय बघू? कधी बघू?

मी फार बोलले. म्हटलं, तुम्हाला मी नको, हे गाव हवंय. तो व्यंकटी, ते काका, तो चार तासांचा कट्टा. मी एकटी उरले तरी चालेल तुम्हाला. ठेवा तुमचं लातूर उराशी धरून!

शेजारी ऐकू गेलं असणार. गेलं तर गेलं. उद्या गावाला कळेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अबोला. व्यंकटीनं दोघांकडे बघून रिक्षातली गाणी मोठी केली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डायलिसिसच्या आधीच बाबांना धाप लागली. छातीत पाणी झालं. ओठ निळे. व्यंकटीनं रिक्षा कशी पळवली त्याचं त्यालाच ठाऊक. वेळेत पोचलो म्हणून वाचले. पुण्याच्या गर्दीत पोचलो असतो का? नसतो. लातूरनं वाचवलं, हे लिहायलाच हवं. पण कशासाठी? अशाच पुढच्या शुक्रवारसाठी?

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही बापलेक शहरावरून वाद घालत बसा. वेळ तुमच्यासाठी थांबणार नाही." मला त्यांचा राग आला. मग कळलं, राग त्यांचा नाही.

रात्री बाबा झोपल्यावर त्यांच्या हाताला हात लावून बसले. त्या शिरेत रक्त गुरगुरतं, मांजर घोरावं तसं. लहान असते तर मजा वाटली असती.

१ डिसेंबर, सोमवार

आत्याला फोन लावला. म्हटलं, तूच समजाव. पुणं नको, नांदेड नको, लातूर सोडवत नाही म्हणतात. पुण्याला काय ठेवलंय, हे एकच पालुपद.

आत्या म्हणाली, "निवृत्ती म्हणतो आसं? पुणं नको म्हणतो? अगं येडे, त्याला पुण्याहून रडत आणला व्हता आमच्या बानं!"

मला काहीच माहीत नाही यातलं.

"त्यालाच इचार," म्हणाली. "आन गावाचं नाव घेऊन भांडू नको गं त्याच्याशी. त्याला गाव आडवं येत न्हाई."

विचारायचा धीर होत नाहीये.

६ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी पांढरे कपडे घालून दोघं पुतळ्यापाशी मेणबत्ती लावून आलो. बाबांना दम लागला म्हणून कडेच्या कट्ट्यावर बसलो. तिथंच विचारलं.

"व्हय, चार वर्षं," म्हणाले. "खडकीला, कारखान्यात. तुझी आई यायच्या आधी. लई चांगलं शहर हाय गं पुणं. कुणी आडनाव पुसायचं न्हाई. सुटी झाली की नदीकाठी बसायचं आन घरी जायचं नावच नको वाटायचं. बानं सांगावा धाडला, म्हातारपणी आमाला कोण बघंल? आलो माघारी."

मी म्हटलं, मग चला ना बाबा! आत्ता चला!

"तू ऱ्हायला नेली असतीस तर उद्याच आलो असतो. तू तुझं पोट चिरून घ्यायला नेतीस." मेणबत्त्यांकडे बघत होते. "बापापायी मी पुणं सोडलं. या घरात तेवढं एकानं केलं ते बास झालं, बाई."