अप्पांच्या जिभेवरचा गूळ

हैदराबाद, २१ बहमन, फसली १३५३ (डिसेंबर १९४३)

वडील बंधू वीरभद्र अण्णांस धाकट्या शांतलिंगाचा शरणार्थ.

परत तेच लिवलंत! तीन पत्रं झाली, तिन्हीत एकच रडगाणं. अप्पांना साखरेचा आजार हाय, सोलापूरच्या डॉक्टरनं गूळ बंद केलाय, त्यांनी आता मुरुम गावच्या आपल्या दुकानात बसू नये. गुळाच्या आडतीत चाळीस वर्सं ज्यांच्या जिभेवर भाव ठरला, त्यांनी ढेप चाखायची न्हाय म्हंजे गादीवरनं उठायचं. मग गादीवर बसणार कोण? तुमी. म्या दुसरीतनं पळालो, पर एवढं समजायला शाळा लागत न्हाय.

आन् तो आजार आपल्याला कसा व्हईल? तो सावकारांचा, जहागीरदारांचा. अप्पा तर वाळून काठी झालेत म्हणता. वाळलेल्या माणसात साखर कुठनं आली? म्या तर नीलम्मा वयनीवर बी संशय घेतला, की अप्पांच्या ताटात भाकरी कमी पडत आसंल. रागवायचं तर रागवा, मनात होतं ते लिवलं.

गिरणी सोडली, हाटेल सोडलं, ते तुमाला ठावं हाय. आता चार महिने झाले, हितं एका दवाखान्यात काचेच्या नळ्या धुतोय. खरं सांगू? ही नोकरी तुमचं खोटं पकडायलाच धरली. साखरेच्या आजाराला लई माणसं येतात हितं. बाकावर कोण बसतंय ते रोज बघायचो. पहिल्या दिवशी दोन वकील आन् एक जहागीरदार. म्या खूश. दुसऱ्या दिवशी टांगेवाला आला. त्याच्यामागं भाजी विकणारी एक तेलंगीण, अंगावर मांस न्हाय. मग आपल्यातलाच एक किराणावाला, त्याचा थोरला भाऊ आन् त्यांची आई, एका घरचे तिघं. डॉक्टर समद्यांना तेच इचारतात. काम बसून का फिरून? आईबापाला होतं का? पायाची जखम भरती का?

तरी माझं मन मानंना. म्हटलं, डॉक्टरच लबाड आसंल. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर तापवतात, लाल झाली की साखर. पैशापायी समद्यांचीच लाल करत आसतील. काल दुपारी डॉक्टर जेवायला गेले तवा कंपौंडरला म्हटलं, "मियाँ, तुमची आन् माझी बी तापवा बघू." तो हसला, "क्यों रे, डॉक्टरसाब का इम्तिहान लेता?"

त्याची निळीच ऱ्हायली. दवाखान्यात पाणी भरणाऱ्याची बी निळी. माझी हिरवी झाली, मग पिवळी, आन् तळाला इटकरी गाळ बसला. नळी घाण आसंल म्हणून दुसरी धुऊन घेतली. पुन्ना तेच.

डॉक्टर आले. वय इचारलं, म्या म्हटलं चोवीस.

"बाप को है?"

अण्णा, चार महिने ह्या सवालाला म्या मनातल्या मनात न्हाय म्हणत आलो. तवा तोंडातनं गेलं, "व्हय जी, हाय."

आज्जाचं बी सांगितलं. काट्याचं निमित्त झालं, पाय सडून गेला, आन् गावानं भानामती म्हटली. डॉक्टरनी समदं वहीत लिवलं. मला म्हणाले, तुझं आत्ता थोडकं हाय, चालत जा, गोड सोड.

आता जे लिवायचं टाळतोय ते लिवतो. तुमी लिवलं, अप्पा महिनाभर घरी बसले होते, दिवाळीनंतर एकाएकी बिथरले, दुकानात येऊन पुन्ना ढेपा चाखाय लागले, आन् आता पायाचा अंगठा काळा पडलाय. कुणी फितवलं कळत न्हाय म्हणता. म्या फितवलं. शेजारच्या दुकानातल्या गुंडप्पाच्या नावानं पत्र धाडलं, अप्पांना एकट्याला वाचून दाखव म्हणून. त्यात लिवलं होतं, "अप्पा, आजारबिजार काय न्हाय, अण्णाला गादी पायजे. तुमी उठू नका, चाखत ऱ्हावा." गुंडप्पाला बोल लावू नका. त्यानं निस्तं वाचलं.

आता अप्पा तुमचं ऐकणार न्हाईत, ते म्याच करून ठेवलंय. म्हणून हे पत्र त्यांच्याम्होरं मोठ्यानं वाचा, वयनीवर संशय घेतलेला बी वगळू नका. सांगा, शांतलिंगाच्या नळीत बी निघालं. गादीवर तुमी बसा. अप्पांना बाजूला बसवा, ढेप फोडून रंग बघू द्या, वास घेऊ द्या. जिभेवर तेवढं तुमी ठेवा. भाव त्यांनीच सांगावा.

पाय मातर थांबणार न्हाय. आठवड्यात त्यांना सोलापूरला न्या. अंगठ्यावर भागलं तर देवाची दया. हितं म्या गुडघ्यापासनं गेलेले पाय बघितलेत.

खर्चाला मनीआर्डर केली हाय. ते पैसे कशाला साठवले होते ते बी ऐका. वाटणीचा दावा लावायला, वकिलाला द्यायला. तुमच्यावर.

अप्पांचा पाय वाचला का ते एका ओळीत कळवा. माझ्यासाठी दुसरं काय लिवलं न्हाय तरी चालंल.

तुमचा धाकटा,
शांतलिंग

मनीआर्डर निजामाच्या हाली शिक्क्याचे सत्तेचाळीस रुपये आठ आणे.